भेदरलेला पक्षी: शिकवण्याआधी त्याची भीती कशी घालवायची

भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणलेला पक्षी पिंजऱ्यात सोडला की तो सगळ्यात लांबचा कोपरा गाठतो आणि हलत नाही. घरातली पोरं म्हणतात, "किती शांत आहे!" तो शांत नसतो, गोठलेला असतो. ज्याची शिकार होते अशा जिवाचा हा पहिला बचाव: हललो नाही तर कदाचित दिसणार नाही. हातावर बसणं, हाकेला येणं, शिट्टीची नक्कल हे सगळं त्यानंतरचं. आधी ही भीती उतरायला हवी. त्यासाठी पक्ष्याला "नको" म्हणायची मुभा असली पाहिजे आणि त्याने ते सांगितल्याबरोबर तुम्ही मागे सरलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

कोणता पक्षी, किती वयाचा

आपल्याकडे दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून जे जोडपं मिळतं ते बहुतेकदा बजरीगर असतं. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. डोक्यावर तुरा असलेला कॉकटेल तिकडचाच, पण ८० ते १०० ग्रॅमचा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. त्याची चोच जाड आणि स्वभाव तापट. इथली माहिती या तिघांसाठी आहे. आपल्या कडुलिंबावर, पिंपळावर येणारा हिरवा राघू किंवा खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट यात धरलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते पाळणं गुन्हा आहे, कोणी पिल्लू "फुकट देतो" म्हणाला तरीही. सन कॉन्युअर किंवा आफ्रिकन ग्रे असे परदेशी पोपट घेणार असाल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते; विकणाऱ्याकडून कागद आधी मागून घ्या.

बजरीगर कोवळा असेल तर काम निम्मं होतं. साध्या हिरव्या-पिवळ्या किंवा निळ्या पक्ष्यात वय ओळखणं सोपं आहे. कपाळावरचे काळे पट्टे थेट नाकाच्या फुगीर भागापर्यंत आले असतील आणि डोळा पूर्ण काळा दिसत असेल, तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला. पहिल्या पिसगळीनंतर हे पट्टे मागे सरतात आणि पुढे डोळ्यात पांढरट कडं दिसू लागतं. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या पक्ष्यात पट्टे दिसत नाहीत, तिथे ही खूण लागू नाही. मोठ्या थव्यात वाढलेला, जाळीने पकडला जाणारा दोन वर्षांचा पक्षीही माणसाळतो, पण आठवड्यांऐवजी महिने धरून चालायचं.

पंख कापून देऊ का, असं दुकानदार विचारतो. नाही म्हणा. पंख कापले की पक्ष्याकडून पळून जाण्याचा मार्ग काढून घेतला जातो. ज्याला पळता येत नाही तो चावतो, किंवा हार मानून गप्प बसतो. दोन्हीला माणसाळणं म्हणत नाहीत. आधीच कापलेले असतील तर पुढच्या पिसगळीत नवी पिसं येतील; तोवर पिंजऱ्यातल्या दांड्या खाली लावा, म्हणजे पडला तरी छातीला मार बसणार नाही.

केव्हा आणायचा

खान्देशात हा प्रश्न बाकी ठिकाणांपेक्षा महत्त्वाचा आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणू नका. लेकी माहेरी आलेल्या, घर पोराटोरांनी भरलेलं, झोके बांधलेले, आणि जळगाव-भुसावळचा पारा ४३-४४ च्या वर. रानातला बजरीगर उन्हात झाडाच्या सावलीत जाऊन बसतो. पत्र्याच्या घरातल्या पिंजऱ्यात त्याला ती सोय नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं ही उष्णतेची खूण. भीतीनेही पक्षी धापा टाकतो, त्यामुळे मे महिन्यात नवशिक्याला दोन्हीतला फरक कळत नाही आणि तो चुकीच्या गोष्टीवर उपाय करत बसतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा संध्याकाळी पिंजऱ्याच्या तीन बाजूंना सुती चादर घालायची आणि चौथी उघडी ठेवायची. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाच्या वेळी गल्लीत वाजंत्री असेल तर त्या दोन-तीन दिवसांत कोणतीही नवी पायरी सुरू करू नका. दिवाळीच्या फटाक्यांनाही हेच.

पिंजरा आणि त्याची जागा

दुकानातून सोबत मिळणारा फूटभराचा पिंजरा घरी आणण्यापुरता. बजरीगरच्या जोडीला किमान दोन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच पिंजरा हवा, तारांमधलं अंतर अर्धा इंच. गोल पिंजरा नको, त्यात पक्ष्याला पाठ टेकवायला कोपराच नसतो. दार वर सरकणारं असेल तर ते कपड्याच्या चिमट्याने वरच्या तारेला अडकवायची सवय लावा. दार खटकन हातावर पडलं की पक्षी बावचळतो आणि आठवड्याची मेहनत जाते.

जागा ठरवताना तीन गोष्टी बघा. मागची एक बाजू भिंतीला लागून हवी, म्हणजे धोका चारही दिशांनी येणार नाही. उंची तुमच्या छातीएवढी हवी. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला माणूस वरून येणारा वाटतो आणि वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या मेंदूत शिकऱ्यासारखी (झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्यासारखी) असते. तिसरं म्हणजे घरातली माणसं दिसावीत पण वर्दळ अंगावरून जाऊ नये. बैठकीच्या खोलीचा दारापासून दूरचा कोपरा बहुतेक घरांत जमतो. ओट्यावर किंवा गॅलरीत टांगू नका. मांजर, कावळे आणि खराखुरा शिकरा तिथे पोचतात, आणि शिकऱ्याची एक झडप पिंजऱ्यावर आदळली की तो पक्षी त्या जागेला कायमचा धसका घेतो.

स्वयंपाकघर तर अजिबात नको. मिरचीच्या फोडणीचा ठसका माणसाला सोसत नाही, तिथे चाळीस ग्रॅमच्या जिवाचं काय! नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, शेजारच्या खोलीत असला तरी. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नका. नव्या कूलरच्या घरघरीची सवयही हळूहळू लावावी लागते: पहिल्या दिवशी लांबून, कमी वेगावर, दहा मिनिटं.

दांड्या प्लास्टिकच्या नकोत. कडुलिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. बजरीगरला १२ ते १५ मिलिमीटर जाडी पुरते. कण्हेर, रुई, घाणेरी यांच्या फांद्या विषारी. आरसा असेल तर काढा. आरशातला सोबती मिळाला की पक्ष्याला तुमची गरज उरत नाही.

घाबरलाय की आजारी आहे?

हे आधी तपासा, कारण पक्षी आजार लपवतात आणि लपवणं संपतं तेव्हा उशीर झालेला असतो. घाबरलेला पक्षी पिसं अंगाला घट्ट चिकटवतो, मान लांब करतो, काडीसारखा बारीक आणि उंच दिसतो, डोळे टक्क उघडे. आजारी पक्षी उलट, दिवसभर फुगून बसतो, डोळे मिटतो, पिंजऱ्याच्या तळाशी उतरतो, श्वासाबरोबर शेपटी खालीवर हलते. विष्ठा पातळ किंवा रंग बदललेली, नाकपुड्यांभोवती चिकटा, अशी लक्षणं दिसली तर माणसाळवणं बाजूला ठेवून पशुवैद्य गाठा.

ग्रॅम दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला काटा घ्या. पिंजऱ्यातून न काढता वजन करायला पुढे, पक्षी वाटीच्या कडेवर येऊ लागला की जमतं. १० टक्के वजन घटलं, म्हणजे ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचं ३१-३२ झालं, तर दवाखाना. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: "भुकेला ठेवा, आपोआप हातावर येईल" हा सल्ला जीवघेणा आहे. एवढ्याशा पक्ष्याकडे उपाशी राहण्याइतका साठा नसतो.

पहिले तीन दिवस

काही करायचं नाही. दाणा-पाणी रोज एकाच वेळी, सकाळी एकाच माणसाने बदलायचं, हळू, बाजूने हात घालून, पाऊण मिनिटात काम संपवून. पहिल्या दिवशी पक्षी खाताना दिसला नाही तर वाटीतल्या फोलपटांवर फुंकर मारून बघा. टरफलं उडाली म्हणजे तुम्ही नसताना तो खातो आहे. नुसत्या टरफलांची वाटी नव्या माणसाला दाण्यांनी भरलेली वाटते, म्हणून फुंकर रोज मारा. झोप १० ते १२ तास हवी. टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असेल त्या खोलीत हे जमत नाही. अपुरी झोप झालेला पक्षी चिडका होतो आणि आपण त्याला भित्रा समजतो. कॉकटेल अंधारात अचानक दचकून पिंजऱ्यात धडपडतात, त्यांना रात्री झिरोचा बल्ब ठेवा.

अंतर मोजणं

चौथ्या दिवसापासून कामाला लागा. पिंजऱ्यापासून दोन मीटरवर बसा, तिरके, एक खांदा पक्ष्याकडे करून. त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी रोखून बघू नका. शिकारी प्राण्याचे डोळे समोर असतात, शिकार होणाऱ्याचे बाजूला. रोखलेली नजर त्याला कळते. पेपर वाचा, शेंगा सोला, हळू आवाजात बोला. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा.

आता बघायचं ते हे: तुम्ही बसल्यावर किती वेळात तो पुन्हा हलतो, खातो, पिसं साफ करतो? दोन मिनिटांत सुरू झाला तर अंतर बरोबर आहे. दहा मिनिटं पुतळा झाला असेल तर तुम्ही फार जवळ आहात; अर्धा मीटर मागे सरा. सलग तीन बैठकांत तो तुमच्या समोर खाल्ला की वीतभर पुढे. हे वीत-वीत सरकणं कंटाळवाणं आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडा, पण बिघडलेल्या पक्ष्यांची मुळं बहुधा इथेच सापडतात.

निवांत पक्ष्याच्या खुणा पाठ करा: एक पाय पोटात घेऊन बसणं, चोच चोचीवर घासत करकर आवाज करणं, अंग फुलवून झटकणं, शेपटी हलवणं. कॉकटेलचा तुरा तर बोलका असतो. ताठ उभा म्हणजे सावध, डोक्याला चपटा करून फुसकारला म्हणजे "मागे हो", किंचित मागे झुकलेला सैल तुरा म्हणजे ठीक.

खाऊ: दर्जा आणि मात्रा

पक्ष्याला काय आवडतं ते त्यालाच विचारा. एका ताटलीत राळे (दाण्याच्या दुकानात 'कांगणी' मागा), बाजरी, सोललेलं ओट, कोथिंबीर आणि सफरचंदाचा बी काढलेला तुकडा वेगवेगळे ठेवा. तीन दिवस जे आधी संपतं तो तुमचा खाऊ. बहुतेक बजरीगर राळ्याच्या कणसासाठी जीव टाकतात. ते मिळालं नाही तर खरिपाची बाजरी निसवून दुधावर आली की हिरवं कणीस उत्तम चालतं. फक्त फवारणी झालेल्या कपाशीच्या बांधावरचं नको, आणि धुतल्याशिवाय नको. कॉकटेलला दादरचे (रब्बी ज्वारीचे) दाणे किंवा सूर्यफुलाच्या बिया. सूर्यफूल तेलकट, दिवसाला चार-पाच बियांवर जाऊ नका. अवोकाडो, चॉकलेट, चहा, कांदा-लसूण, मीठ-तिखटाची शेव कधीच नाही. "एवढीशी शेव काय करते," हे जळगावच्या घरात हमखास ऐकू येतं. करते.

निवडलेला खाऊ रोजच्या वाटीतून काढून टाका. बाकीचं पोटभर जेवण वाटीत, हा एक पदार्थ फक्त तुमच्याकडून. उपाशी ठेवणं आणि हे यात मोठा फरक आहे.

सुरुवात टाकून निघून जाण्याने करा. पिंजऱ्याजवळ या, खाऊ वाटीत टाका, लगेच मागे फिरा. दिवसातून पाच-सहा वेळा. पक्ष्याच्या लेखी दोन चांगल्या गोष्टी झाल्या: खाऊ आला आणि माणूस गेला. घाबरलेल्या पक्ष्यासाठी तुमचं जाणं हे खाऊइतकंच मोठं बक्षीस असतं. म्हणून तो निवांत असताना मागे फिरा, फडफडायला लागल्यावर नाही. दर वेळी फडफडल्यावरच हटलात तर तो फडफडायला शिकतो.

हात

तुम्ही जवळ आलात की तो वाटीकडे सरकू लागला, मग कणीस तारांमधून बाहेरून धरा. हात स्थिर, कोपर पिंजऱ्याच्या स्टँडवर टेकवलेलं. हवेत धरलेला हात दोन मिनिटांत थरथरतो. हाताला काचेच्या बांगड्या, चमकदार अंगठी, लाल नेलपेंट असेल तर पक्षी त्यालाच घाबरतोय का ते बघा.

हाताचीच दहशत असेल, म्हणजे दुकानात मुठीने पकडला गेलेला पक्षी असेल, तर फूटभर लांब काडीच्या टोकाला कणसाचा तुकडा दोऱ्याने बांधा. दोन-तीन दिवसांनी काडी आठ इंच, मग पाच, मग तीन. शेवटी कणीसच चिमटीत. पक्ष्याला हात कधी जवळ आला ते कळत नाही असं नाही; त्याला प्रत्येक वेळी ते पटलेलं असतं.

त्यानंतर दार उघडून हात दारातच ठेवा, आत नाही. पाच मिनिटं. तो लांब बसून राहिला तर राहू द्या, हात काढा, संध्याकाळी पुन्हा. तो येऊन एक दाणा टिपून पळाला तर तेवढ्यावरच बैठक संपवा. दिवसाला दोन-तीन बैठका, प्रत्येकी पाच-सात मिनिटं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीला.

बोटावर घेताना पोटाला बोट दाबायचं, म्हणजे तोल जाऊन तो चढतो, असं सर्रास सांगितलं जातं. चढतो खरा, पण ढकलल्यामुळे. त्याऐवजी आडवं बोट दांडीच्या उंचीला, दांडीला टेकवून धरा आणि कणीस बोटाच्या पलीकडे. कणसापर्यंत पोचायचा जवळचा रस्ता बोटावरून जातो. पहिल्यांदा तो एकच पाय ठेवील. त्यालाही खाऊ द्या. दोन्ही पाय आले की लगेच उचलू नका. चार-पाच वेळा बसू-उतरू द्या, मग इंचभर हलवा.

बिघडतं कुठे

पक्ष्याला टॉवेलमध्ये धरून "सवय होईपर्यंत" गोंजारणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट पद्धत. थोड्या वेळाने तो धडपड थांबवतो आणि बघणाऱ्याला वाटतं माणसाळला. त्याने सुटकेची आशा सोडलेली असते. पुढच्या वेळी हात दिसताच तो आधीपेक्षा जोरात पळतो. औषधासाठी धरणं भागच असेल तर खोलीत अंधार करून, रोज खाऊ देणाऱ्याने नव्हे तर घरातल्या दुसऱ्याने, पातळ रुमालात धरावं. छातीवर दाब नको. पक्ष्याची छाती पुढे-मागे हलली तरच त्याला श्वास घेता येतो. घट्ट मूठ म्हणजे गुदमरणं.

चावला तर ओरडू नका, हात झटकू नका, चोचीवर टिचकी मारू नका. दोन सेकंद स्थिर राहून हळूच हात काढा आणि आठवा की त्याआधी काय झालं होतं. अंग ताठ झालं असेल, चोच किंचित उघडली असेल, मान मागे गेली असेल. ती खूण पुढच्या वेळी पकडा आणि तिथेच थांबा. लव्हबर्डच्या बाबतीत हे जास्त सांभाळायचं, त्याची चोच रक्त काढते. शिवाय तो पिंजऱ्याला आपलं घर समजून राखतो, म्हणून त्याच्याशी दारात काम करावं, आतपर्यंत हात घालू नये.

घरातल्या सहा जणांनी एकाच आठवड्यात हात घालायला सुरुवात केली की पक्षी कोणालाच ओळखत नाही. आधी एक माणूस, तीन-चार आठवडे. मग दुसरा, पण दोन पायऱ्या मागून.

जोडी असेल तर वेळ जास्त लागतो, तरी वेगळी करायची गरज नाही. त्यातला धीट कोण ते ओळखून त्याच्यावर काम करा. भित्रा बघत असतो.

एखादा दिवस सगळं उलटं गेलं, मांजर खिडकीत आली किंवा ताट पडलं, तर एक पायरी मागे जा. शून्यावर जायची गरज नसते. दोन दिवसांत तो पुन्हा तिथेच येतो.

दार उघडण्याआधी

पक्षी बोटावर निवांत खाऊ लागल्यावरच बाहेर काढा. पंखा बंद, बटणावर चिकटपट्टी, कारण कोणीतरी सवयीने लावतंच. खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. काच त्याला दिसत नाही. देवघरातला दिवा, उघडा माठ, बादली, सगळं झाकलेलं. तो उडून पडद्यावर बसला तर मागे धावू नका. पिंजऱ्याचं दार उघडं, आत कणीस, बाकी दिवे मंद. सकाळच्या जेवणाआधी बाहेर काढलेला पक्षी पोट भरायला आपणहून परततो.

इथून पुढे खूणशब्द लावा, म्हणजे 'बरोबर केलंस, खाऊ येतोय' हे सांगणारा एक ठरलेला आवाज. जिभेने एक 'टक्' आवाज काढा आणि एका सेकंदाच्या आत खाऊ. दहा-बारा वेळा, दोन दिवस. मग साधी बांबूची काडी चोचीपासून बोटभर अंतरावर धरा. त्याने कुतूहलाने चोच लावली की 'टक्' आणि दाणा. काडीला चोच लावायला तो स्वतःहून दोन पावलं चालत आला, की काडी दांडीच्या दुसऱ्या टोकाला धरायची.